नंबर तोच राहिला पाहिजे

काकांच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलची चेन तुटली ती पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या चढाला. मी मागे बसलो होतो. खाडकन आवाज झाला, मागचं चाक अडखळलं आणि काकांनी पाय टेकत गाडी कडेला घेतली. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी, म्हणजे दातेरी चाकापाशी, गोळा होऊन बसली होती. ती ओढून काढली तशी आतून गिअर ऑईलची बारीक धार लागली. चेननं क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची ओतीव पेटी, फोडला होता.

ही २०१९ची गोष्ट. त्यानंतर तीन वर्षं गाडी पडवीत पोत्याखाली उभी होती. मधल्या काळात, २०२१ला, तिच्या आरसीची मुदतही संपली. काकांनी ती १९९१ला नवी घेतली होती. साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते ते. दिवसभर उसाच्या फडातून हिंडायचं आणि रात्री चिखलानं भरलेली गाडी दारात धुवायची. मी गाडी शिकलो तीही हीच. त्यामुळे "आता भंगारात घाला" असं घरात कुणीतरी म्हणालं, तेव्हा काका काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना घरी बोलावलं.

यामाहा आरएक्स १०० आपल्याकडे एस्कॉर्ट्सबरोबरच्या करारातून १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास, एवढ्यात तिची सगळी करामत आली. बंद होऊन पाव शतक उलटलं तरी तिचं वेड कमी झालेलं नाही, उलट वाढलंय. म्हणूनच तिचे पार्ट मिळतात आणि म्हणूनच ते महाग मिळतात. लबाडीही तिथंच जास्त चालते.

मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, उघडलं आणि कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली जातो ते सिलिंडर, गेलेला, कारण आधीच्या रेबोअरिंगमध्ये (आतून तासून मोठा करण्यात) तो शेवटच्या मापापर्यंत येऊन थांबला होता. क्रँकला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला प्ले, म्हणजे ढिलेपणा. कार्ब्युरेटरची स्लाईड घासलेली. टाकी खालून गंजलेली. ऑईल पंप नाहीच. तो कुणीतरी २० वर्षांपूर्वी काढून टाकला होता आणि तेव्हापासून काका पेट्रोलमध्ये टोपणानं मोजून ऑईल घालत होते. आणि शेवटी, सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: केस, म्हणजे तो फुटलेला क्रँककेस.

"वरचं सगळं मिळंल," मिस्त्री म्हणाले. "केसचं काय करायचं ते तुम्ही घरात ठरवा. आरसीवरचा इंजिन नंबर केसवर असतोय."

काय नवं घ्यायचं आणि काय जुनं, हेही त्यांनीच सांगितलं. बेअरिंग, ऑईल सील, पॅकिंग, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, केबल हे सगळं नवंच. ज्याचं काम झिजायचं आहे ते कधी जुनं घ्यायचं नाही. पण ओतीव काम, म्हणजे ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटरची बॉडी, मॅग्नेट, हे कंपनीचं जुनं असेल तर आजच्या लोकल नव्यापेक्षा बरं. यावर मी त्यांच्याशी थोडा वाद घातला. नवा लोकल ब्लॉक डब्यात बंद, चकचकीत आणि स्वस्त मिळत होता. त्यांनी दुसऱ्या एका गाडीचा असाच एक ब्लॉक हातात दिला. आतल्या पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या तोंडांच्या, कडा वेड्यावाकड्या होत्या, डावं आणि उजवं तोंड एका उंचीवर नव्हतं. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, पिस्टन या पोर्टांसमोरून वरखाली जातो तेव्हाच ती तोंडं उघडतात आणि मिटतात. तोंड खालीवर झालं की इंजिनाचं सगळं वेळापत्रकच चुकलं. मग मी वाद थांबवला.

पहिली चूक मी घाईनं केली. मोबाईलवर एका विक्रेत्यानं ब्लॉकचे फोटो पाठवले, स्वच्छ धुतलेला, रुपेरी रंग मारलेला. तीन हजार आठशे रुपये पाठवले आणि आठ दिवसांनी कुरिअर आलं. मिस्त्रींनी आधी तो उचलून नुसता फिरवून पाहिला, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एकेक फिन, म्हणजे थंडाव्यासाठी बाहेरून असलेली पाती, वाजवली. सगळ्या फिना टिणटिण वाजल्या आणि वरची एक फिन ठप्प वाजली. ती तुटलेली होती आणि लांबी (पुट्टी) भरून, कानस मारून, रंगवून बसवली होती. पुढे व्हर्नियर हे मापाचं हत्यार लावलं. आरएक्स १००चा बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, नवा असताना ५० मिलिमीटर असतो. पिस्टन पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर मोठे मिळतात, म्हणजे ५१ला खेळ संपला. हा ब्लॉक ५१ ओलांडून गेला होता. माझा स्वतःचा ब्लॉक ज्या कारणानं बाद होता, तेच कारण मी पैसे देऊन पुन्हा घरी आणलं होतं. विक्रेत्यानं त्यानंतर फोन उचलला नाही.

पैसे गेल्याचं वाईट वाटलंच. काकांनी तो ब्लॉक पाहू नये म्हणून मी तो मिस्त्रींकडेच ठेवला. पण त्या दिवसापासून मी खिशात तीन वस्तू ठेवायला लागलो: छोटा व्हर्नियर, एक लोहचुंबक आणि टॉर्च.

मग पुण्याचा जुना बाजार. मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ, रविवारी आणि बुधवारी भरतो. शनिवारी रात्री कोल्हापुरातून एसटीनं निघालो आणि उजाडता उजाडता स्वारगेटला उतरलो. बाजारात पोचलो तेव्हा ताडपत्र्या नुकत्या अंथरल्या जात होत्या. पाने, पक्कडी, कुलपं, जुनी नाणी, बूट, हेल्मेटं आणि मध्येमध्ये आपल्या कामाचे ढीग. लवकर जायचं कारण नुसतं गर्दी टाळणं नव्हे. माल पोत्यातून बाहेर पडताना जो पाहतो त्याला आख्खा ढीग बघायला मिळतो. दहा वाजता गेलं तर इतरांनी चाळून टाकलेलं उरतं.

आरएक्सचा माल घेऊन बसलेले एक वयस्कर चाचा भेटले. पहिला अर्धा तास मी काहीच विकत घेतलं नाही, फक्त हातात घेऊन बघत होतो. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण ते बाजूला सरकून बसले आणि म्हणाले, "बघा, बघा. न बघता नेणारा माणूस दुपारी भांडायला येतो."

त्यांच्याकडे चार ब्लॉक होते. एक तर आरएक्स १३५ या मोठ्या गाडीचा होता. बाहेरून सहज फसावं इतके सारखे दिसतात, पण १३५चा बोअर ५८ मिलिमीटर, त्यामुळे व्हर्नियर लावताच कळतं. दुसऱ्याचे पोर्ट कुणीतरी कानशीनं मोठे केले होते. शर्यतीसाठी पोरं करतात तसं. मला तो नको होता, काकांना गाडी पळवायची नव्हती, चालवायची होती. तिसऱ्याच्या सायलेन्सरच्या तोंडाचे आटे गेलेले. चौथा सगळ्यात घाण होता. काजळी, माती, एका फिनेचा कोपरा उडालेला. पण तो कोपरा उघड उडालेला होता, लपवलेला नव्हता. आत टॉर्च मारली तर उभे चरे नव्हते. बोअरच्या वरच्या काठाशी, जिथपर्यंत रिंग पोचते तिथं, नख वरखाली फिरवलं. पायरी लागली, पण अगदी हलकी. माप साडेपन्नासच्या किंचित पुढे. म्हणजे पाऊणचा पिस्टन घालून रेबोअर होईल आणि त्याच्यापुढेही एक माप शिल्लक राहील. चाचांनी साडेचार सांगितले, मी तीन म्हणालो, छत्तीसशेला जमलं. सकाळची बोहनी होती, त्यामुळे त्यांनी फार ताणलं नाही.

क्रँक बघायला मला त्यांनीच शिकवलं. रॉड फिरवून अगदी वर आणायचा, दोन बोटांत धरायचा आणि सरळ वर ओढायचा, सरळ खाली दाबायचा. डावीउजवीकडे थोडा हलला तर हरकत नाही, तेवढी जागा तिथं हवीच असते. पण वरखाली टिक् असं काही जाणवलं की क्रँक ठेवून द्यायचा. त्यांच्याकडचे तीन क्रँक मी असे तपासले आणि तीनही टिक् झाले. त्यांनी स्वतःच मान हलवली. "तुमचा क्रँक आहे ना घरी? त्यालाच नवा रॉड किट मारा. वेब, म्हणजे क्रँकच्या चकत्या, चांगल्या असतील तर कंपनीचा क्रँक फेकू नका." मालाच्या ढिगावर बसलेला माणूस माल घेऊ नका म्हणतो, याचं मला आजही फार वाटतं. त्या दिवसानंतर मी चार वेळा पुण्याला गेलो आणि दर वेळी आधी त्यांच्या ताडपत्रीवर गेलो.

टाकी तिथंच मिळाली. चुंबक लावून पाहिला. जिथं लांबी जाड भरलेली असते तिथं तो पकडत नाही, घसरतो. उजव्या बाजूला तळहाताएवढा पट्टा तसा होता, बाकी पत्रा स्वच्छ. झाकण काढून आत टॉर्च मारली, तळाला लालसर धूळ होती पण खवले नव्हते. घेतली.

ऑईल पंपासाठी नाना पेठेत जावं लागलं. तिथल्या गल्ल्यांत दुचाकीच्या स्पेअर पार्टची दुकानं एकाला एक लागून आहेत. मोठ्या दुकानांत "आता कोण मागतंय पंप" असंच ऐकायला मिळालं. ते खरंही आहे. पंपाला जरा काही झालं की मेकॅनिक तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायला सांगतात. एकदा बंद पडलेल्या पंपामुळे इंजिन सुकं चालून पिस्टन धरला, म्हणजे आत अडकला, की माणूस पुन्हा पंपाच्या वाटेला जात नाही, हे मी समजू शकतो. पण पंपाचं काम शहाणं आहे. तो इंजिनच्या वेगाबरोबर फिरतो आणि ॲक्सिलरेटरच्या केबलनं उघडतो, म्हणजे गाडीला जेव्हा जेवढं लागतं तेवढंच ऑईल जातं. मिसळलेल्या पेट्रोलमध्ये चढाला आणि उताराला एकच प्रमाण. काकांच्या गाडीतून निघणारा धूर मी लहानपणापासून पाहिलेला, आणि त्यातला निम्मा तरी या पंपाच्या नसण्याचा होता अशी माझी खात्री आहे.

शेवटी एका बोळातल्या अरुंद दुकानात, ड्रॉवरच्या तळाशी, तेलकट कागदात गुंडाळलेला पंप निघाला. दुकानदारानं थोडं ऑईल मागवलं, नळीतून आत सोडलं आणि पंपाचा गिअर बोटानं फिरवत राहिला. आधी बुडबुडे आले. मग थेंब आला, मग दुसरा. केबलची चकती ओढून धरली तसे थेंब मोठे झाले. बाराशे रुपये मी भाव न करता दिले.

आता केस.

पुण्यातल्याच एका ओळखीतून निरोप आला की शहराबाहेर एका गोडाऊनमध्ये आरएक्सचं आख्खं इंजिन आहे, चौदा हजार. मी गेलो. इंजिन खरंच सुंदर होतं. किकला दाब होता, क्रँकला प्ले नव्हता, मॅग्नेटसकट सगळं जागेवर. माझी अर्धी यादी एका फटक्यात संपत होती आणि केसचा प्रश्नही. मग मी टॉर्च नंबरावर धरली.

ओतीव ॲल्युमिनियमचं अंग रवाळ आणि मंद असतं. नंबराची जागा सोडून बाकी केस तसाच होता. नंबराच्या जागी मात्र पत्र्यासारखी गुळगुळीत चमक होती आणि तिच्यावरून रंगाचा पातळ हात फिरवलेला. रंगाखाली ग्राइंडरच्या बारीक रेषा दिसत होत्या. आकडे एका ओळीत नव्हते, एक खोल, दुसरा उथळ. मी काही बोलायच्या आत विकणारा म्हणाला, "कागदाचं टेन्शन घेऊ नका, आरसीपण जोडून देतो."

त्या क्षणी मला जे वाटलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. हे इंजिन कुणाच्या तरी दारातून गेलं होतं. कुणीतरी सकाळी उठून रिकाम्या जागेकडे पाहत उभं राहिलं असेल. माझ्या काकांसारखंच कुणीतरी. आरएक्सला भाव आला तशा तिच्या चोऱ्याही वाढल्या, हे या गाड्यांत रमणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आपण असं इंजिन विकत घेतो तेव्हा पुढच्या चोरीचे पैसे आपणच देतो. कायद्याची बाजू आहेच. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा गुन्हा आहे. सरळ मार्गानं इंजिन बदलायचं तर आरटीओकडून परवानगी घेऊन आरसीवर नवा नंबर नोंदवावा लागतो आणि त्यासाठी त्या इंजिनाचा पक्का कागद लागतो. पण मी परत फिरलो ते कायद्याआधी त्या रिकाम्या जागेच्या विचारानं.

रात्री घरी सगळं सांगितलं. काका ऐकत होते. म्हणाले, "आपलाच केस जोडता येत नाही का?"

येतो, पण कुणीही जोडू शकत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं आरगॉन वेल्डिंग करणारे एक कारागीर मिस्त्रींच्या माहितीतले होते. त्यांनी केस हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं ऑईल प्यायलाय हा?" तीस वर्षांचं ऑईल ॲल्युमिनियमच्या छिद्राछिद्रांत मुरलेलं असतं. ते जाळून काढल्याशिवाय वेल्ड मारला तर आत फोड राहतात आणि तिथून पुन्हा गळतं. दोन दिवस नुसतं धुणं, तापवणं, पुन्हा धुणं चाललं होतं. बेअरिंग आणि सील आधीच काढलेले. मग त्यांनी केसचे डावा-उजवा दोन्ही भाग बोल्टनं एकमेकांना आवळून घेतले. वेल्डची उष्णता धातू ओढते. भाग सुटा ठेवून जोडला तर तो वाकतो आणि मग दोन तोंडं एकमेकांवर बसत नाहीत. शिवाय हे दोन भाग कारखान्यात जोडीनं तासलेले असतात, त्यामुळे एका इंजिनाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असंही चालत नाही. चेननं उडवलेला तुकडा आम्ही त्या दिवशी रस्त्यावरून उचलून आणला नव्हता, त्यामुळे तिथं धातू भरत भरत नवा काठ उभा करावा लागला.

मी तिथं उभा होतो. काच लावलेल्या मुखवट्याआडून ते काम करत होते आणि नंबराच्या बाजूला त्यांनी ओल्या फडक्याची घडी ठेवली होती. तिथं उष्णता जाऊ नये म्हणून. मी सांगितलं नव्हतं.

जोडल्यावर काचेसारख्या सपाट लोखंडी पाटावर निळा रंग लावून केसचं तोंड घासून पाहिलं. निळं एका कोपऱ्यातच उमटलं, म्हणजे तेवढा भाग उंच होता, तो तासून घेतला. शेजारच्या शेडमध्ये क्रँकला नवा रॉड किट बसला, डायलवर फिरवून सरळ केला. ब्लॉक पाऊणच्या पिस्टनला बोअर झाला. पुण्यात मिळालेल्या मिकुनी कंपनीच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये नवी सुई आणि जेट पडले.

इंजिन बसवून किक मारली ती मिस्त्रींनी. पाचव्या किकला लागलं. आवाज बरोबर होता, तरी मला वेल्डची धास्ती होती. टू-स्ट्रोकचा क्रँककेस नुसती पेटी नसते, तोच आत पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढणारा पंप असतो. कुठं केसाएवढी फट राहिली तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून धरतो. म्हणून पहिले पन्नास किलोमीटर, कळंबा ते कागल अशा हळू फेऱ्या मारून, आम्ही प्लग काढला. प्लगचं टोक पांढरं असेल तर हवा घेतेय. मिस्त्रींनी तो उन्हात धरला, मग माझ्या हातात दिला. चॉकलेटी होता.

काकांनी त्या दिवशी गाडी धुतली. ती स्वच्छच होती, तरी धुतली.

आरसीचं नूतनीकरण उरलं होतं. उशिराचा दंड भरला, पर्यावरण कर भरला, विमा काढला आणि गाडी घेऊन आरटीओच्या मैदानावर रांगेत उभे राहिलो. निरीक्षक आले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबला. मग खाली वाकून त्यांनी वेल्डकडे पाहिलं. "हे काय?" मी चेनची हकीकत सांगितली. त्यांनी बोटानं वेल्ड चाचपला, पुढे काही विचारलं नाही आणि नंबरावरची धूळ पुसून त्यावर पातळ कागद धरला.

पेन्सिल आडवी करून घासायला सुरुवात झाली. काळ्या पट्ट्यातून एकेक पांढरा आकडा वर यायला लागला. काका माझ्या शेजारी उभे होते, हात मागे बांधून. ते हळू आवाजात एकेक आकडा म्हणत होते, आणि शेवटचा आकडा कागदावर उमटायच्या आधीच त्यांच्या तोंडून आला होता.